तीन दिवसांचं वाचन

पगाराचं काम लवकर कसं उरकेल हे शोधायला मालकांनी जो माणूस आणला होता, त्याने पहिल्याच दिवशी पगारताईच्या खुर्चीमागे स्टूल टाकलं, गळ्यातलं घड्याळ चालू केलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही तुमचं काम करा. मी इथे नाहीच असं समजा." मानेमागे एक माणूस श्वास घेत असताना तो नाहीच असं कसं समजायचं, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ताईने ड्रॉवर उघडला, त्याने लिहून घेतलं. तिला पेन सापडेना, तेही लिहून घेतलं. ती नाक शिंकरायला उठली तेव्हा त्याने घड्याळ थांबवलं आणि ती परत बसल्यावर चालू केलं. या माणसाचं आणि आपलं काही जमायचं नाही, हे ताईने तेव्हाच ठरवून टाकलं.

कारखाना धुलाईचा होता. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, अभ्रे, डॉक्टरांचे कोट असा माल रोज गाड्या भरून यायचा आणि दुसऱ्या दिवशी घड्या होऊन परत जायचा. तळाला धुण्याची यंत्रं, मधल्या मजल्यावर इस्त्रीचे लांबलचक रूळ आणि त्यांच्यापुढे घडीखातं, आणि सगळ्यात वर, जिथे खालची वाफ येऊन गोळा व्हायची, तिथे ऑफिस. माणसं दोनशे ऐंशी. त्यांचा पगार ताई एकोणीस वर्षं करत आली होती आणि तो दर महिन्याच्या सात तारखेला व्हायचा. सहा नाही, आठ नाही, सात.

सातच का, असं त्या घड्याळवाल्याने विचारलं तेव्हा ताईला खरं तर बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी एकदाचं विचारलं होतं. तिने त्याच्यापुढे ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्यांचा डबा पालथा केला. धुण्याच्या खात्याचा सुपरवायझर ओल्या हाताने लिहायचा, त्यामुळे त्याच्या चिठ्ठ्या वाळवून मग वाचाव्या लागायच्या. इस्त्रीखात्याचा सुपरवायझर महिनाभराच्या चिठ्ठ्या पँटच्या खिशात साठवायचा आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा ती पँट घरी धुतली जायची. कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या माणसाला खिसे तपासून कपडे धुवायचे असतात हे कळू नये, याला काय म्हणायचं? मग मालक. पगारपत्रक त्यांच्या टेबलावर गेलं की दोन दिवस तिथेच पडून. सही करायला त्यांना मिनिटभर लागायचं, पण ते मिनिट दोन दिवस उजाडायचं नाही. घड्याळवाल्याने हे सगळं लिहून घेतलं. ताई मनातून खूश झाली. येऊ दे एकदाची यांची वेळ, असं तिला वाटलं.

शेवटी त्याने वाचन पाहिलं. वाचन म्हणजे तपासणी. एक तारखेला पगारपत्रक तयार झालं की दोन, तीन आणि चार हे तीन दिवस ताई आणि कॅशियरकाका समोरासमोर बसायचे. काका हजेरीपटावरून नंबर, नाव, दिवस, जादा तास, कपात आणि रक्कम मोठ्याने वाचायचे. ताई पगारपत्रकावर त्या ओळीखाली स्टीलची पट्टी धरायची आणि सगळं जुळलं की "बरोबर" म्हणायची. दोनशे ऐंशी वेळा. या पट्टीमुळे खाली तिला पट्टीबाई म्हणत, तोंडावर अर्थातच नाही. काका सावकाश वाचायचे. चष्मा काढायचे, पुसायचे, कागद नाकाशी न्यायचे, परत लांब धरायचे. त्यांची नजर दोन-चार वर्षांत फारच उतरली होती आणि त्यांचं निवृत्तीचं वय दीड वर्षावर आलं होतं, म्हणून ताई कधी घाई करायची नाही. घड्याळवाला तीन दिवस तिथे बसला. तिसऱ्या दिवशी त्याला जांभई आली तेव्हा ताईला जरासं समाधान वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्याने कॅन्टीनच्या भिंतीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक कामाची एक पट्टी, जितका वेळ तितकी लांब. चिठ्ठ्या गोळा करणं, निळी, हातभर. हिशोब, हिरवी, तेवढीच. मालकांची मंजुरी, पिवळी, नखाएवढी, कारण त्याने घड्याळ फक्त पेन कागदावर चालत असतानाच चालू ठेवलं होतं. फाइल टेबलावर पडून राहते ते दोन दिवस त्याने "वाट पाहणे" या नावाच्या पांढऱ्या पट्टीत टाकले होते, आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरी पट्टी कुणाला दिसते? दिसत होती ती एकच. लालभडक, पाण्याच्या पिंपापासून थेट खिडकीपर्यंत गेलेली. तिच्यावर लिहिलं होतं, तपासणी, तीन दिवस.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं एकाचा पैसा दुसऱ्याला जाऊ दिला नाही, आजारी असताना कामावर आली, आणि आता येणारीजाणारी प्रत्येक बाई हातात कप घेऊन तिच्या नावाची लाल पट्टी बघत होती. नाव लिहिलेलं नव्हतं, पण तपासणी कोण करतं हे तिथे कुणाला माहीत नव्हतं? इस्त्रीखात्याचा तो सुपरवायझर, तोच पँटवाला, भिंतीपुढे उभा राहून म्हणाला की आपल्याला वाटायचं मालकच पैसे अडवून ठेवतात. ताई तिथून उठली आणि चहा अर्धा टाकून वर निघून गेली.

रविवारी ती धाकट्या बहिणीकडे गेली. बहीण सहा वर्षं घडीखात्यात होती आणि कारखान्यामागच्या खोल्यांच्या ओळीत नवऱ्याबरोबर आणि दोन मुलींबरोबर राहत होती. ताईने आल्या आल्या त्या माणसाचा उद्धार सुरू केला. काल आलेला माणूस, पगार कशाशी खातात हे माहीत नाही, आणि चालला भिंती रंगवायला. बहीण ऐकत होती आणि मुलींच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. कामावर दिवसाला हजार घड्या घालायच्या आणि घरी येऊन परत घड्याच. शेवटी ताईने विचारलं की तुला काहीच कसं वाटत नाही.

"ताई, रागावू नकोस," बहीण म्हणाली. "ती पट्टी खोटी नाहीये."

मग तिने सांगितलं. या ओळीतल्या खोल्यांचं भाडं पाच तारखेला द्यावं लागतं. पगार सातला. मधल्या दोन दिवसांचा दंड म्हणजे तिची अर्ध्या दिवसाची मजुरी, आणि तो दर महिन्याला जातो. मागच्या पगारातलं उरवून ठेवावं म्हटलं तर उरतं काय? घडीखात्यातल्या चाळीसजणी याच ओळीत राहतात आणि चाळीसजणी दंड भरतात. आणि आता घरमालकाने निक्षून सांगितलं होतं की येत्या पाच तारखेला ज्याचं भाडं आलं नाही त्याने खोली सोडायची. वेळेवर देणारी माणसं त्याच्याकडे खेटे घालत होती.

"सहा वर्षं दंड भरतेस? मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तू मान मोडून वाचत बसतेस, कुणाचं चुकू नये म्हणून. तुला कुठल्या तोंडाने सांगायचं की तेच आम्हाला नडतंय?"

ताईने मनातल्या मनात हिशोब केला, कारण तिला त्याशिवाय चैन पडत नसे. सहा वर्षांचे छत्तीस दिवस. तिच्या बहिणीची महिन्याहून जास्त मजुरी घरमालकाच्या खिशात गेली होती आणि ती घालवणारी ती स्वतः होती. जाताना बहिणीने तिला आग्रहाने जेवायला थांबवलं आणि ती थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून चुकांची वही काढली. वाचनात जी जी चूक सापडली ती ती या वहीत लिहिली होती. हीच वही घड्याळवाल्याच्या टेबलावर आपटायची असं तिचं आधी ठरलं होतं. दोन वर्षांत वाचनात किती चुका सापडल्या हे तिने मोजलं. चार. त्यातल्या तीन तर चुका नव्हत्याच. आकडा बरोबर होता, वाचताना ओळ सरकली, त्यांनी तो "दुरुस्त" केला आणि पुढच्या महिन्यात परत मूळ आकड्यावर आणला. तिने पुन्हा मोजलं. आकडा बदलला नाही. दोन वर्षांत चोवीस वेळा तीन दिवस बसून त्यांनी एक चूक पकडली होती आणि तीन केल्या होत्या.

खरं म्हणजे वाचन कसं सुरू झालं हे तिला चांगलं आठवत होतं, फक्त तिने ते स्वतःला आठवू दिलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वीपर्यंत पगार पाकिटातून जायचा. काका नोटा मोजून पाकिटं भरायचे आणि पाकिटावर सुरेख अक्षरात नाव घालायचे. मग पगार बँकेत जाऊ लागला आणि मालक म्हणाले की आता कॅशियरचं काय काम. ताई त्यांच्यापुढे उभी राहून बोलली होती की बँकेत एकदा पैसे गेले की परत येत नाहीत, यादी दोघांनी मिळून वाचलीच पाहिजे, एकटीने मी जबाबदारी घेणार नाही. मालक घाबरले आणि काका राहिले. पहिल्या महिन्यात वाचन अर्ध्या दिवसात उरकलं होतं. मग ते एक दिवस झालं, दोन झाले, तीन झाले, आणि या सगळ्यात ताईचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. आपणच घातलेल्या पायरीवर तिने आठ वर्षं दर महिन्याला नवी वीट ठेवली होती.

काकांना ती आधी सांगणार होती. दोन दिवस ती त्यांच्या टेबलापर्यंत गेली आणि शिक्का मागून परत आली. तेवढ्यात घड्याळवाल्याने फॉर्म वाटले. कोणतं काम बंद करता येईल? ताईने लिहिलं, वाचन. त्याला इतका वेळ का लागत होता? आता इथे तिने काय लिहायचं? काकांवर आळशीपणाचा ठपका येऊ नये म्हणून तिने खूप विचार केला आणि लिहिलं, वाचणाऱ्याची नजर कमी झाली आहे. हे काम करणारी व्यक्ती आणखी कोणतं काम करते? तिने पेन थांबवलं. काका तिकिटं चिकटवायचे, टपाल लावायचे, खालच्या बायकांना बँकेचे फॉर्म भरून द्यायचे. पण फॉर्म पगाराच्या कामाचा होता, आणि पगाराचं आणखी कोणतंही काम ते करत नव्हते. आकडा असो की शब्द, कागदावर खोटं लिहायची तिला सवय नव्हती. तिने रेघ मारली.

कामं भराभर झाली. चिठ्ठ्या बंद झाल्या. सुपरवायझर रोज संध्याकाळी फोनवर तास भरू लागले, ओल्या हाताने का होईना. मालकांनी टेबलावर फाइल न ठेवता लगेच मंजुरी द्यायचं कबूल केलं. घड्याळवाल्याने सांगितलं की पगार दोन तारखेला होईल. घडीखात्यात ही बातमी पोचली तेव्हा बहिणीने वर येऊन दारातूनच हात हलवला आणि पळत खाली गेली.

महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात काकांना पत्र मिळालं. या महिन्याअखेर सेवा समाप्त.

ताई तडक मालकांच्या खोलीत गेली. बसा म्हणाले तरी बसली नाही. दीड वर्ष राहिलंय त्यांचं, ती म्हणाली, कुठेही ठेवा, गेटवर ठेवा, आलेल्या चादरी मोजायला ठेवा. मालक काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ ड्रॉवरमधून फॉर्म काढला आणि तिच्याकडे फिरवून ठेवला.

"बाई, मी काढलं असं म्हणू नका. दुसरं काम नाही, हे तुम्ही लिहिलंय. गेटवर ठेवलं असतं हो. पण गाडीचा नंबर वाचायचा असतो तिथे. चादरी मोजायच्या तर दवाखान्याचे शिक्के वाचायचे. आणि नजर गेलीय असं तुमच्याच अक्षरात आहे."

ते अक्षर तिचंच होतं. नीट, ओळीत, खाडाखोड न करता. इतकी वर्षं या अक्षराचं कौतुक ऐकलं होतं तिने, आणि आता तिला तो कागद फाडून तोंडात कोंबावासा वाटला.

काका टेबलाचा खण आवरत होते. शिक्के एका बाजूला, स्वतःची पेनं एका बाजूला. ताई त्यांच्यासमोर, वाचनाच्या खुर्चीत, येऊन बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. बहीण, दंड, वही, फॉर्म. नजरेचं वाक्यही सांगितलं. ते रागावतील, निदान चार शब्द सुनावतील, म्हणून ती वाट बघत होती. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझी नजर चांगली आहे," ते म्हणाले. "तू त्या वेळी मालकांशी बोललीस ना, तेव्हा मी दाराबाहेर होतो. तू माझ्यासाठी काम उभं केलंस. पण ते अर्ध्याच दिवसाचं होतं गं. अर्ध्या दिवसासाठी माणूस किती दिवस ठेवतील? म्हणून मी हळू वाचायला लागलो. चष्मा पुसणं, कागद लांब धरणं, हे सगळं मुद्दाम करायचो. पोरींना दंड बसतो हे मला माहीत असतं तर नसतं केलं."

ताई उठायला लागली. आत्ता जाऊन सांगते, तिने म्हटलं, नजर धडधाकट आहे, गेटवर घ्या.

"आणि मग तीन दिवस का लागत होते, म्हणून विचारतील. काय सांगशील?"

खरं सांगावं तर आठ वर्षं मालकांना फसवलं असं होत होतं, त्यात काकांची उरलीसुरली देणीही अडकली असती. न सांगावं तर काका आंधळे ठरून घरी जात होते. एखादा आकडा चुकला असता तर तिने तो खोडून वर बारीक सही केली असती. इथे कुठे खोडायचं हेच कळेना. काकांनी खण बंद केला, किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाले की वरचा खण जरा अडकतो, उचलून ओढायचा. तिला वाटलं होतं की रागाने तरी बोलतील. ते शांत होते, आणि त्या शांतपणाचाच तिला इतका संताप आला की ती किल्ली मुठीत आवळून उभी राहिली.

दोन तारखेला सकाळी अकरा वाजता मालकांनी मंजुरी दिली आणि ताईने बटण दाबलं. वाचन झालं नाही, पट्टी लागली नाही, कुणी "बरोबर" म्हटलं नाही. चहाच्या सुट्टीत घडीखात्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले आणि बायकांचा गलका वरपर्यंत ऐकू आला. बहिणीने फोन केला. आत्ताच भाडं देऊन आले, म्हणाली, दंड नाही, बोलणी नाहीत, घरमालकाने पावतीसुद्धा हसून दिली. सगळ्याजणी तुझं नाव काढतायत. ताई "हो, हो" म्हणत राहिली. घड्याळवाला येऊन गेला, मालक दारातून "शाब्बास, बाई" म्हणून गेले, आणि लाल पट्टी काढली का, असं विचारायचंही ती विसरली.

दोनशे ऐंशी नावांपुढे "जमा" असा हिरवा शब्द आलेला होता. सवयीने तिने एकेक नाव वरून खाली बघितलं. सगळं बरोबर होतं, एकही चूक नव्हती. त्यातच काकांचाही शेवटचा पगार होता, दरवेळेपेक्षा पाच दिवस आधी.